‘ड्रॉ’ : एका ओढाळ शब्दाची कुळकथा

हल्लीं आपल्या कोणत्याहि सुशिक्षित घरांत सकाळपासून रात्रीपर्यंत एक इंग्रजी शब्द निरनिराळीं सोंगें घेऊन वावरत असतो, आणि तो एकच आहे हें बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. टेबलाच्या खणाला आपण ‘ड्रॉवर’ म्हणतों. धाकटीं मुलें जिच्यांत चित्रें काढतात ती ‘ड्रॉइंगची वही’, आणि पाहुण्यांना बसवावयाची खोली ती ‘ड्रॉइंगरूम’. अर्जाचा कच्चा मसुदा ‘ड्राफ्ट’, बँकेंतून परगांवीं पैसे पाठवावयाचे तोहि ‘ड्राफ्ट’. गणेशोत्सवांत ‘लकी ड्रॉ’ असतो. आणि पांच दिवस खेळून कोणीच जिंकलें नाहीं म्हणजे सामना ‘ड्रॉ’ झाला म्हणून घरांतील मंडळी उसासा टाकतात. ह्या सर्वांच्या मुळाशीं ‘ड्रॉ’ हें एकच क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ ओढणें एवढाच आहे.

आम्ही शाळेंत असतांना मुलें ह्या क्रियापदाचे अर्थ पाठ करीत : ओढणें, चित्र काढणें, पाणी शेंदणें, पगार घेणें, तलवार उपसणें, अनुमान करणें, बरोबरी होणें, इत्यादि. मार्गदर्शक म्हणून जीं पुस्तकें बाजारांत मिळतात त्यांत ही यादी अशीच छापलेली असते. मुलगा ती परीक्षेच्या दिवसापर्यंत कशीबशी धरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशीं सोडून देतो. त्यांत त्याचा दोष आम्हांस दिसत नाहीं. ज्या गोष्टींचा परस्परांशीं संबंध दाखविला नाहीं त्या स्मरणांत राहाव्या तरी कशा? वास्तविक ही सात अर्थांची यादी नव्हेच. एकाच हाताच्या एकाच हालचालीचीं तीं सात दृश्यें आहेत. हात पुढें जातो, कांहीं धरतो आणि आपल्याकडे घेतो. म्यानांतून तलवार ओढली, विहिरींतून पोहरा ओढला, हिरडींतून दांत ओढला, खिडकीवरचा पडदा ओढला, नाकानें श्वास ओढला. प्रत्येक ठिकाणीं इंग्रज मनुष्य ‘ड्रॉ’ म्हणेल.

मग चित्र कसें ओढावयाचें, असा प्रश्न मुलें विचारीत, आणि तो योग्यच आहे. येथें कागद ओढला जात नाहीं, चित्रहि ओढलें जात नाहीं. ओढली जाते ती लेखणी. कागदावरून लेखणी ओढीत नेली म्हणजे तिच्यामागें जें उमटतें तें ‘ड्रॉइंग’. हें परक्या भाषेचें चमत्कारिक वळण आहे असें ज्यास वाटेल त्यानें आपल्याच तोंडीं असलेले शब्द ऐकावे. आपण रेघ ‘मारतों’, पण ‘ओढतों’ देखील. चित्र आपण ‘काढतों’, रांगोळी ‘काढतों’, पाणी ‘काढतों’, दांत ‘काढतों’, काटा ‘काढतों’, बँकेंतून पैसे ‘काढतों’, आणि गाईची धारहि ‘काढतों’. उत्तर हिंदुस्थानांत तर चित्र व छायाचित्र दोन्ही ‘खींचतात’, म्हणजे ओढतातच. इंग्रजाचें ‘ड्रॉ’ आणि आपलें ‘काढणें’ हीं दोन क्रियापदें एकमेकांस कधीं न भेटतां एकाच वाटेनें चाललीं आहेत.

‘काढणें’ ह्या शब्दाचें कूळ तपासलें म्हणजे हें साम्य वरवरचें नाहीं असें दिसून येतें. प्राकृतांत ‘कड्ढ’ असा धातु आहे. पालींतहि ‘कड्ढति’ म्हणजे ओढतो. बाराव्या शतकांतील हेमचंद्राचार्यांनीं आपल्या प्राकृत व्याकरणांत संस्कृत ‘कृष्’ धातूच्या जागीं येणारे जे आदेश सांगितले आहेत, त्यांत ‘कड्ढ’ हा आहे. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनें ‘कृष्’पासून ‘कड्ढ’ सरळ निघतो कीं नाहीं ह्याबद्दल अर्वाचीन पंडित साशंक आहेत. परंतु अर्थानें तो ‘कृष्’च्या आसनावर बसला आहे ह्यांत शंका नाहीं. म्हणजे आपण ‘काढणें’ म्हणतों तेव्हां मुळांत ‘ओढणें’च म्हणत असतों.

आणि ‘कृष्’चा संसार केवढा! शेताची भूमि नांगरानें ओरखडतात म्हणून कृषि. धातुपाठांत ह्या धातूचा अर्थच ‘विलेखन’, म्हणजे ओरखडणें, असा दिला आहे. फाळानें जमिनीवर रेघ ओढणें आणि लेखणीनें कागदावर रेघ ओढणें हीं आपल्या पूर्वजांस एकाच जातीचीं कामें वाटलीं, हें ‘लेखन’ शब्दावरून सहज दिसतें. मन ओढलें जातें तें आकर्षण. वर ओढलें जाणें तो उत्कर्ष, खालीं ओढलें जाणें तो अपकर्ष. देवकीच्या उदरांतून रोहिणीच्या उदरांत ओढून नेला म्हणून बलराम तो संकर्षण, आणि त्याच बलरामानें पुढें नांगराच्या फाळानें यमुनेला ओढलें अशी कथा आहे. पण आम्हांस सर्वांत मौज वाटते ती ‘निष्कर्षा’ची. दिलेल्या माहितींतून जें बाहेर ओढून काढावयाचें तो निष्कर्ष. आणि इंग्रजींत निष्कर्ष कसा करतात? तोहि ‘ड्रॉ’च करतात! ज्या मुलास ‘निष्कर्ष’ शब्द फोडून दाखविला, त्यास हा इंग्रजी प्रयोग पुन्हां पाठ करावा लागला नाहीं, हा आमचा अनुभव आहे.

आतां इंग्रजी शब्दाच्या घराण्याकडे वळूं. ‘ड्रॉ’ हा अस्सल इंग्रजी रक्ताचा शब्द आहे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा आला, त्याच्या कितीतरी आधींपासून तो तेथें नांदत होता. जुन्या इंग्रजींत त्याचें रूप ‘द्रगन्’ असें होतें. स्वरांमध्यें सांपडलेला हा ‘ग’ झिजत झिजत ‘व’ झाला आणि पुढें तोहि शेजारच्या स्वरांत विरून गेला. लिहितांना शेवटीं जें ‘डब्ल्यू’ अक्षर येतें तें ह्या मेलेल्या ‘ग’चें थडगें समजावें. ‘सॉ’ म्हणजे करवत आणि ‘नॉ’ म्हणजे कुरतडणें ह्यांचीहि तीच कथा. त्यांच्या जर्मन भावंडांत, ‘झेगे’ व ‘नागेन्’ ह्यांत, ‘ग’ अद्याप जिवंत आहे. आपल्याकडे ‘नगरा’तील ‘ग’ गळून ‘नेर’ झालें आणि संगमनेर, पारनेर अशीं गांवें त्याची साक्ष देत उभीं आहेत, त्यांतलाच हा प्रकार. जर्मन भाषेंत ‘ड्रॉ’चा सख्खा भाऊ ‘ट्रागेन्’ हा आहे. मात्र तो ओढीत नाहीं, वाहून नेतो.

परंतु इंग्लंडांतहि हा ‘ग’ अगदींच नाहींसा झाला नाहीं. आठव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तरेकडील नॉर्स दर्यावर्दी इंग्लंडावर धाडी घालूं लागले व पुढें तेथेंच वसती करून राहिले. त्यांच्या भाषेंत ह्याच शब्दाचें रूप ‘द्रगा’ असें होतें. त्याच्याच वळणानें इंग्रजींत ‘ड्रॅग’ हा दुसरा शब्द रूढ झाला. एकाच मुळाचे दोन शब्द एका घरांत राहूं लागले म्हणजे ते काम वांटून घेतात. ‘ड्रॉ’ सभ्य व सफाईचा झाला. ‘ड्रॅग’कडे फरफटणें, रखडणें हीं ओबडधोबड कामें आलीं. ‘गर्भिणी’ हा शब्द आपण स्त्रियांकरितां ठेवला आणि त्याच शब्दापासून झालेला ‘गाभण’ गोठ्यांत पाठविला, तशीच ही वांटणी आहे.

‘ड्रॉइंगरूम’विषयीं मात्र आपल्या लोकांत एक गोड गैरसमज आहे. भिंतीवर चित्रें टांगतात म्हणून ती ड्रॉइंगरूम, असें आम्हीं चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलें आहे. खरें पाहतां त्या खोलीचा चित्रांशीं कांहीं संबंध नाहीं. तिचें पूर्ण नांव ‘विथ्-ड्रॉइंग-रूम’ असें होतें. सतराव्या शतकांत त्यांतील पहिला तुकडा गळला. मोठ्या दालनांतील गर्दींतून उठून मागें सरावयाची ती खोली. पुढें पुढें जेवण आटोपल्यावर पुरुष मद्यपानासाठीं टेबलापाशींच बसून राहत आणि स्त्रिया उठून ह्या खोलींत जात, अशी इंग्रजांची रीत पडली. ह्यांतील ‘विथ्’ म्हणजे आजच्या इंग्रजींतला ‘सह’ नव्हे. जुन्या इंग्रजींत त्या शब्दाचा अर्थ ‘विरुद्ध, उलट’ असा होता, आणि तो ‘विथ्स्टँड’ म्हणजे टक्कर देणें ह्या शब्दांत अजून शिल्लक आहे. तेव्हां ‘विथ्ड्रॉ’ म्हणजे उलट दिशेस ओढून घेणें, मागें घेणें. आपण मात्र पाहुण्यांस पुढें बोलावून त्या खोलींत बसवितों. शब्द तोच राहिला, खोलीचें तोंड फिरलें.

क्रिकेटमधील ‘ड्रॉ’ हाहि बहुधा ह्या ‘विथ्ड्रॉ’चाच धाकटा अवतार असावा असा कोशकारांचा कयास आहे : दोन्ही पक्ष रणांगणांतून मागें सरले, निकाल लागला नाहीं. त्याचें ह्याहून समर्पक उदाहरण १९३९च्या मार्च महिन्यांत दक्षिण आफ्रिकेंतील डर्बन येथें घडलें. इंग्लंड व दक्षिण आफ्रिका ह्यांच्यामधील त्या कसोटी सामन्यास दिवसांची मर्यादाच नव्हती. निकाल लागेपर्यंत खेळावयाचें असें ठरलें होतें. ३ मार्चला सुरू झालेला सामना १४ मार्च उजाडला तरी संपेना. जिंकण्यासाठीं ६९६ धावा हव्या असतां इंग्लंडनें पांच गडी गमावून ६५४ केल्या, पाऊस आला, आणि मायदेशीं जाणारें जहाज गांठावयाचें म्हणून इंग्रज खेळाडूंना गाडी धरावी लागली. अमर्याद म्हणून मांडलेला डाव ‘ड्रॉ’ झाला, तो अक्षरशः मागें सरल्यामुळें.

येथवरचा प्रकार मनोरंजनाचा झाला. परंतु शब्दाचें मूळ न कळल्यानें कधीं कधीं घर अडचणींत येतें, त्याची एक हकीकत सांगणें अवश्य वाटतें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या ओळखीच्या एका एकत्र कुटुंबांत इंग्रजी नोटीस आली. घरच्या दुकानाच्या खात्यावर थोरल्या काकांनीं एका व्यापाऱ्यास धनादेश लिहून दिला होता. खात्यांत पुरेशी शिल्लक नसल्यानें तो न वटतां परत गेला. व्यापाऱ्याच्या वकिलानें नोटिशींत जागोजाग ‘ड्रॉवर’ हा शब्द वापरला होता व ‘ड्रॉवर’नें अमुक मुदतींत पैसे द्यावे, न दिल्यास खटला होईल, असें बजावलें होतें. घरांतील पदवीधर पुतण्यानें ती वाचली. ‘ड्रॉ’ म्हणजे काढणें, ‘ड्रॉवर’ म्हणजे काढणारा. बँकेंत जाऊन पैसे काढणारा तर तो व्यापारी. तेव्हां ह्यांत जी काय जबाबदारी आहे ती त्याची, असा त्यानें अर्थ लावला. सर्वांना तो पटला, आणि नोटीस टेबलाच्या खणांत, म्हणजे आणखी एका ‘ड्रॉवर’मध्यें, जाऊन पडली. पुढें धाकट्या सूनबाईंना स्वस्थता वाटेना. त्यांनीं आपल्या यजमानांकरवीं तो कागद आमच्याकडे पाठविला, तेव्हां नोटीस हातीं पडून बारा दिवस झाले होते.

१८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टाच्या सातव्या कलमांत ‘ड्रॉवर’ कोण हें स्पष्ट सांगितलें आहे : धनादेश करणारा, म्हणजे त्यावर सही करणारा तो ‘ड्रॉवर’, ज्यास पैसे देण्याची आज्ञा केली ती बँक ‘ड्रॉई’. पैसे घेणाऱ्याचें नांव तिसरेंच आहे, ‘पेयी’. ह्यांतील कल्पना अशी कीं, बँकेपाशीं असलेल्या आपल्या पैशाला जणुं एक दोरी बांधली आहे. तिचें टोंक खातेदाराच्या हातीं. त्यानें सही केली कीं दोरीला ओढ बसली. ओढणारा तो, जिला ओढ बसली ती बँक. दोरीच्या शेवटीं पैसे कोणाच्या पदरांत पडतात हा निराळा प्रश्न. दोरी ओढली आणि टोंकाला कांहींच नसलें तर जाब ओढणाऱ्यासच विचारावयाचा, हें ओघानेंच आलें. त्याच कायद्याच्या १३८व्या कलमाप्रमाणें, न वटलेल्या धनादेशाची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ‘ड्रॉवर’नें रक्कम न दिली तर तो गुन्हा होतो आणि त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊं शकतात. आम्हीं त्यांना हें सांगितलें व त्याच संध्याकाळीं वकिलाकडे पाठविलें. उरलेल्या तीन दिवसांत त्या घरानें रक्कम उभी केली. त्यासाठीं सूनबाईंच्या दोन पाटल्या गहाण पडल्या, हें आम्हांस मागाहून कळलें.

पुतण्याचें इंग्रजी कच्चें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यानें कोशांतला अर्थ बरोबर घेतला. कोण ओढतो आणि काय ओढलें जातें हें तेवढें पाहिलें नाहीं. शिवाय हा शब्दहि लबाड आहे. ‘ड्रॉवर’ म्हणजे ओढणारा असें व्याकरण सांगतें, पण टेबलाचा खण कांहीं ओढीत नाहीं, तोच ओढला जातो. आणि पायांवरून वर ओढून घालावयाच्या आंतल्या विजारीसहि अनेकवचनीं ‘ड्रॉवर्स’च म्हणतात. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागांत फ्रान्सिस नांवाचा एक पोऱ्या आहे. तो पिंपांतून मद्य काढून गिऱ्हाइकांस देतो, म्हणून त्याचाहि हुद्दा ‘ड्रॉवर’. सरकारी पगार घेणाऱ्या शिक्षकांस आणखी एक ओळखीचा गृहस्थ ह्याच कुळांतला : ‘आहरण व संवितरण अधिकारी’. इंग्रजींत तो ‘ड्रॉइंग’ अधिकारी. शिक्षकांचे पगार तिजोरींतून काढतो तो. चित्रकलेच्या शिक्षकांशीं त्याचा घोटाळा करून हंसणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत.

ह्याच धातूपासून ‘ड्रॉट’ हें नाम झालें. एका दमांत घशाखालीं ओढलेला घोट, दाराच्या फटींतून आंत ओढली गेलेली हवा, जाळ्याच्या एका ओढीस सांपडलेले मासे, हें सर्व ‘ड्रॉट’. आणि ओढकामाच्या बैलाघोड्यांनाहि हेंच विशेषण. ‘ड्राफ्ट’ हें त्याच शब्दाचें उच्चाराप्रमाणें बदललेलें लेखन. लेखणी ओढून केलेला कच्चा आराखडा तो एक ड्राफ्ट, बँकेवर ओढलेली रक्कम तो दुसरा. आपला ‘मसुदा’ ह्या बाबतींत अगदीं निराळ्या वाटेनें आला आहे. तो अरबी, त्याच्या मुळांत ‘काळा केलेला’ असा अर्थ आहे. इंग्रजास कच्च्या लेखांत रेघ ओढणारा हात दिसला, अरबास शाईनें काळा झालेला कागद.

शेवटीं एक सावधगिरीची गोष्ट. लॅटिनमध्यें ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणें. त्याचा वंशविस्तार इंग्रजींत फ्रेंचच्या द्वारें व प्रत्यक्षहि एवढा झाला आहे कीं, ‘ट्रॅक्टर’, ‘कॉन्ट्रॅक्ट’, ‘ॲट्रॅक्शन’, ‘सब्ट्रॅक्शन’ म्हणजे वजाबाकी, हे सर्व त्याचेच वारस. ‘पोर्ट्रेट’ म्हणजे व्यक्तिचित्र, तोहि त्यांतलाच. तेव्हां चित्र ‘ओढणारी’ ही तिसरी भाषा झाली. मग ‘त्राहेरे’ आणि ‘द्रगन्’ हे एकच असले पाहिजेत, अर्थ एक, आवाजहि जवळ जवळ एक, असें कोणासहि वाटेल. परंतु तें सिद्ध होत नाहीं. १८२२ सालीं याकोब ग्रिम ह्या जर्मन पंडितानें जो वर्णनियम मांडला त्याप्रमाणें, संस्कृत व लॅटिन ह्यांतील आरंभींच्या ‘त’च्या जागीं इंग्रजींत ‘थ’ यावयास हवा : संस्कृत ‘त्रि’, लॅटिन ‘त्रेस्’, इंग्रजी ‘थ्री’, संस्कृत ‘तनु’, लॅटिन ‘तेनुइस्’, इंग्रजी ‘थिन्’. इंग्रजीचा ‘ड’ येतो तो संस्कृत ‘ध’च्या जागीं, जसें ‘विधवा’ व ‘विडो’, ‘मधु’ व ‘मीड’. म्हणून ‘त’चा आणि ‘ड’चा येथें मेळ बसत नाहीं. दिसण्यावरून नातें जोडणें हा आपल्या हौशी व्युत्पत्तिकारांचा आवडता छंद आहे. अमुक इंग्रजी शब्द आमच्याच संस्कृतांतून गेला असें सांगणारे लेख वाचतांना तर आम्हांस संकोच वाटतो. ह्यासाठीं घरांतलेंच उदाहरण घ्यावें. सर्दी झाली म्हणजे आजी जो काढा देतात, तो आले-तुळशींतून अर्क ‘काढतात’ म्हणून काढा, असें वाटणें किती साहजिक आहे! पण काढ्याचें मूळ संस्कृत ‘क्वाथ’ हें आहे. तो कढणें, कढी ह्या उकळणाऱ्या मंडळींचा भाऊबंद आहे आणि ‘काढणें’ त्याच्या गोत्रांतहि नाहीं.

‘त्राहेरे’च्या वंशांतील एक शब्द मात्र आपल्या रोजच्या उपयोगाचा, म्हणून त्याचा उल्लेख करतों. ‘ट्रेन’ म्हणजे आरंभीं उंची झग्याचा जमिनीवरून मागें ओढला जाणारा घोळ. पुढें थोरांच्या मागून चालणारा लवाजमा ‘ट्रेन’ झाला, आणि एकोणिसाव्या शतकांत इंजिनाच्या मागून ओढल्या जाणाऱ्या डब्यांच्या रांगेस तेंच नांव मिळालें. आज ओढणारें इंजिन व ओढले जाणारे डबे दोहोंना मिळून आपण ट्रेन म्हणतों. आणि मुंबईच्या लोकलला तर निराळें इंजिनहि नसतें, तिची यंत्रें प्रवाशांच्याच कांहीं डब्यांत बसविलेलीं असतात.